४६७ गाभे आणि वाया गेलेली विज्ञानकथा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ॲनिमेवर, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांवर, आलेला लेख वाचला. एका नायकामागे पाच-सहा मुली लागलेल्या असतात तो ‘हॅरेम’ प्रकार लेखकाने दीड ओळीत निकालात काढला आहे. ते मला पटलं नाही. नायकाभोवती मुली जास्त असल्या म्हणून कथा बिघडत नाही. ती बिघडते लिहिणाऱ्याने अंग चोरलं की. ‘इन्फिनिट स्ट्रॅटोस’ पाहताना मला हे फार लागलं. मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘तुझ्या आवडीची यंत्रं आहेत’ असं सांगून वसतिगृहातल्या मित्राने ही मालिका सुचवली आणि परीक्षा संपल्यावर दोन रात्रींत मी तिचे पहिले बारा भाग पाहिले.

इझुरु युमिझुरु यांच्या कादंबऱ्यांवरून ही मालिका २०११ च्या जानेवारीत जपानी टीव्हीवर आली. मूळ कल्पना बघा. ताबाने शिनोनोनो ही शास्त्रज्ञ अंतराळात काम करण्यासाठी अंगावर चढवायचं यंत्र तयार करते, त्याचं नाव ‘आयएस’. सुरुवातीला त्याला कोणी विचारत नाही. मग एके दिवशी अनेक देशांच्या लष्करी संगणकांचा ताबा सुटतो, जपानवर दोन हजारांहून जास्त क्षेपणास्त्रं येतात आणि एकच आयएस ती थोपवतं. त्या दिवसापासून अंतराळ बाजूला पडतं आणि यंत्राचं शस्त्र होतं. प्रत्येक यंत्राला लागणारा गाभा बनवण्याची विद्या एकट्या ताबानेकडे, आणि तिने ४६७ गाभे बनवून काम थांबवलेलं. त्यात हे यंत्र फक्त बायकांनाच चालवता येतं, त्यामुळे काही वर्षांतच स्त्री-पुरुषांमधलं सत्तेचं पारडं फिरतं. अशा जगात इचिका ओरिमुरा या पंधरा वर्षांच्या मुलाचा हात लागतो आणि आयएस सुरू होतं. मग त्याची रवानगी होते आयएस चालवायला शिकवणाऱ्या, एरवी फक्त मुलींच्या शाळेत.

एवढ्या भांडवलावर काय काय उभं राहिलं असतं! मोजकेच गाभे, मग ते कोणत्या देशाला किती? एक गाभा संशोधनात मोडला तर? अंतराळासाठी बनवलेलं यंत्र परत अंतराळात न्यावं असं एकाही वैमानिक मुलीला वाटू नये? मालिका हे प्रश्न स्वतःच मांडते आणि मग त्यांच्याकडे पाठ फिरवते.

लाउरा बोडेविग या जर्मन मुलीचं प्रकरण मला सर्वांत जिव्हारी लागलं. लष्कराने तिला प्रयोगशाळेत, लढण्यासाठीच जन्माला घातलंय. डोळ्यावरचा प्रयोग फसतो आणि पथकात पहिली असलेली ही मुलगी तळाला जाते. इचिकाची बहीण चिफुयु तिला वर्षभर शिकवून पुन्हा उभी करते. ही चिफुयु आयएसच्या लढतींतली जागतिक विजेती. पण पुढच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीच्या दिवशी इचिकाचं अपहरण झालं, त्याला सोडवायला ती गेली आणि तिचं विजेतेपद हुकलं. म्हणून लाउराचा इचिकावर दात. शाळेतल्या सामन्यात तिच्या यंत्रात लपवलेली बंदी असलेली प्रणाली जागी होते, तिला गिळून टाकते आणि हुबेहूब चिफुयुसारखी तलवार चालवू लागते. पुढे शाळेच्या दवाखान्यात चिफुयु तिला विचारते, तू कोण? लाउराला उत्तर देता येत नाही. कोणीच नसशील तर बरंच झालं, आजपासून लाउरा बोडेविग हो, असं सांगून ती निघून जाते. पलंगावर एकटी राहिलेली लाउरा हसते. मी तिथे मालिका थांबवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो, इतकं ते दृश्य नेमकं आहे.

आणि पुढच्या दृश्यात? वर्गात भिंत फोडून एक मुलगी इचिकावर हल्ला करते, लाउरा तो अडवते, भर वर्गात इचिकाचं चुंबन घेते आणि तू माझी बायको असं जाहीर करते. त्यानंतर ती फक्त विनोदापुरती उरते. एका वाक्याने माणूस झालेली मुलगी पाच मिनिटांत पुन्हा बाहुली होते.

शार्लोटचंही तेच. फ्रेंच कंपनीच्या मालकाची अनौरस मुलगी; बापाने तिला मुलाच्या वेशात इचिकाच्या यंत्राची माहिती चोरायला पाठवलेलं. हे उघड होतं ते न्हाणीघरातल्या गमतीतून. शाळेच्या नियमामुळे तीन वर्षं तुला कोणी हात लावू शकत नाही, असा दिलासा इचिका देतो, आणि विषय मिटला! त्या बापाचं काय, हे बारा भागांत परत येतच नाही.

विनोदाला माझा विरोध नाही. लिंगयिन या इचिकाच्या चिनी बालमैत्रिणीने लहानपणी त्याला कबूल केलेलं असतं की स्वयंपाक जमायला लागला की रोज तुला गोड-आंबट डुकराचं मटण करून घालीन. जपानात रोजच्या जेवणाचं असं बोलणं म्हणजे लग्नाची मागणी. इचिकाला वाटतं फुकट जेवण. हा विनोद माणसांतून येतो, म्हणून मी मनापासून हसलो. पण तोच बहिरेपणा प्रत्येक मुलीच्या वाट्याला येतो तेव्हा नायक भोळा न वाटता कोरा वाटू लागतो.

आपल्या लेखकांना विनंती आहे, या प्रकारावर पुन्हा लिहाल तेव्हा लाउराचा तो भाग जरूर पाहा. दवाखान्यातलं दृश्य संपलं की थांबा, आणि वर्गातलं दृश्य सुरू होण्याआधी मनाशी ठरवा की तुम्ही लेखक असता तर इथून पुढे काय लिहिलं असतं.

आपला,
एक वाचक, सांगली