संपलेल्या ऑफर्स काढा की!

संपादक महोदय,
कंपन्या जाहिरातीचा मजकूर बनवायला जीव तोडून मेहनत घेतात पण तो वेळेवर काढायचं कुणाच्या डोक्यातच नसतं, ऑफर संपून वर्ष उलटलं तरी वेबसाइटवरचं तिचं पान सर्चमध्ये वर दिसतं, ग्राहक त्या किमतीवर विश्वास ठेवून फोन करतो आणि वाद होतो. पब्लिश करतानाच एक्स्पायरीची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून ठेवा ना, तारीख आली की तपासा, चालत असेल तर अपडेट करा नाहीतर काढून जुन्या लिंकला ३०१ रीडायरेक्ट द्या, म्हणजे ती लिंक उघडणारा आपोआप दुसऱ्या चालू पानावर जाईल. जाहिरातीसाठी विकत घेतलेल्या फोटोंचं लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, तीही कधीकधी मुदतीची असते, ते तर कुणी बघतच नाही! आणि काढलेला मजकूर डिलीट नका करू, आर्काइव्हमध्ये ठेवा, उद्या तक्रार आली तर तेव्हा नेमकं काय लिहिलं होतं ते दाखवता आलं पाहिजे.
- एक वाचक