ती. आई-बाबांस, गाडीतल्या ओलीबद्दल

पुणे, श्रावण

ती. आई आणि बाबा यांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, गाडीत बसलं की कुबट वास येतो आणि मंगेशीला पोचेपर्यंत बाबांना ठसका लागतो. मागून बाबांचा आवाज आला, "पावसाळ्यात एवढं चालायचंच." बाबा, हे चालवून घ्यायचं नाही. तो वास बुरशीचा आहे, आणि बुरशीची धूळ दम्याच्या माणसाच्या छातीत गेली की ठसका येणारच. देऊळ, बाजार, डॉक्टर, सगळं तुम्ही त्या गाडीने स्वतःच्या मर्जीने करता. तेवढं तुमचं फिरणं बिनत्रासाचं राहावं, म्हणून फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिते आहे.

आधी एकच गोष्ट मनात पक्की करा. आपल्याकडे गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. अशा हवेत गाडीतलं कापड मळाने जेवढं खराब होतं, त्यापेक्षा ओलीने जास्त होतं. भिजलेलं कापड एक-दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते. म्हणून शॅम्पू, ब्रश वगैरे नंतर. पहिल्यांदा पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

डाव्या पुढच्या सीटसमोरचं, पायाखालचं रबरी मॅट उचला. खालच्या गालिच्यावर कोरडा टॉवेल घालून त्यावर गुडघ्याने जोरात दाबा. गालिचा वरून कोरडा लागतो, पण त्याच्याखाली फोमचा जाड थर असतो आणि तो दिवसेंदिवस पाणी धरून बसतो. टॉवेल ओला झाला तर दोन जागी संशय घ्या. एक, एसीची पाण्याची नळी. एसी लावल्यावर थोड्या वेळाने गाडीखाली थेंब पडायला हवेत. ते पडत नसतील तर नळी तुंबली आहे आणि ते पाणी आत, बहुधा डाव्या बाजूला पायापाशी उतरतंय. मेकॅनिकसाठी हे अगदी किरकोळ काम आहे. दुसरी जागा म्हणजे पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपर असतात तिथली जाळी. गाडी फणसाखाली असते, तेव्हा तिथे पानांचा चिखल साचलेला असणारच. बाबा, ती पानं रोज सकाळी हाताने काढून टाका. हवा आत घ्यायची वाट तिथेच असते आणि पाणी वाहून जायची वाट तुंबली की ते त्याच वाटेने आत येतं.

आता प्लास्टिक. मागच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक तुम्ही अजून काढलेलं नाही, सीट नवी राहावी म्हणून. तुमची काळजी मला कळते, पण आपल्या हवेत त्याचा उलटा परिणाम होतो. घाम, ओले कपडे, पावसाची ओल, सगळं त्या प्लास्टिकखाली कोंडतं आणि बुरशीला हवी तशी जागा मिळते. पत्र वाचून झालं की आजच ते फाडून टाका. दारांच्या आतल्या बाजूचंसुद्धा.

प्लास्टिकखाली पांढरे-हिरवट ठिपके दिसले, आणि ते दिसतील असंच मला वाटतंय, तर बाबांनी हात लावायचा नाही. शेजारच्या मुलाला सांगा, त्याला काय द्यायचं ते द्या. पाऊस उघडला असताना गाडी अंगणात घ्यायची, चारही दारं आणि डिकी उघडायची, तोंडावर मास्क लावून व्हॅक्यूमने ठिपके ओढून घ्यायचे. झाडू किंवा कोरड्या ब्रशने झटकायचं नाही, कारण मग ती धूळ गाडीभर पसरते. त्यानंतर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं आणि त्याने पुसून घ्यायचं. आई, पांढराच व्हिनेगर घे, माडाच्या सुरेचा नको. त्याला रंग असतो, तो फिक्या कापडावर उतरेल. आणि ब्लीचिंगची पावडर किंवा लिक्विड कशालाही वापरायचं नाही. कापडाचा रंग उडतो, शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो.

गेल्या पावसात एका ठिकाणी गाडी आतून धुवायला दिली होती, तेव्हा त्यांनी सीटवर पाण्याचा फवारा मारला आणि ओली गाडी काचा बंद करून परत दिली. तो वास तेव्हापासूनचा असावा. पुन्हा कुणालाही तसं करू देऊ नका. कापडाची सीट पाण्याने धुवायचीच नसते, ती फेसाने पुसायची असते.

फेसाने पुसायची म्हणजे कशी, ते बाबांच्या सीटवरूनच सांगते. डोकं टेकतं तिथे खोबरेल तेलाचा काळपट, तुकतुकीत डाग आहे ना, तो घ्या. आधी त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि तासभर तशीच राहू द्या. ती मोकळं तेल शोषून घेते. मग व्हॅक्यूम. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा टाकून हाताने घुसळा. वर जो फेस येतो तेवढाच मऊ ब्रशवर घ्या, पाणी नाही. डागाच्या कडेपासून मध्याकडे, हलक्या हाताने, कापडाच्या लवेच्या दिशेने फिरवा. फेस करडा होताना दिसेल. तो लगेच कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्या. चोळायचं नाही, दाबून उचलायचं. फडक्याची बाजू बदलत राहा. शेवटी नुसत्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने दोनतीनदा पुसा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि आत राहिलेला साबण चिकट होऊन पुढची धूळ धरतो. पंधरवड्यात डाग परत आल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. हे सगळं आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. रंग गेला नाही तरच वर या.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे आईला माहीत आहेच. घाबरायचं नाही. गार पाण्याने टिपून घ्या आणि ती बाजू उन्हाकडे करून ठेवा. हळदीचा रंग उन्हात विरतो. कोकमाचं आगळ सांडलं तर लगेच गार पाणी, मग जरासा व्हिनेगर. लाल चिखल मात्र ओला असताना अजिबात पुसू नका, तो धाग्यांत आत जातो. पूर्ण वाळू द्या, मग ब्रश आणि व्हॅक्यूम.

सीटखाली हात घालताना जपून. तिथे पिवळ्या जोडणीच्या वायरी असतात, त्या एअरबॅगच्या. त्यांना ओढायचं नाही, त्यांच्यावर पाणी पडू द्यायचं नाही. नवीन सीटकव्हर घ्यायचा विचार चालला होता, तेव्हा हेही लक्षात असू द्या. सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल तर ती बाजू झाकणारं साधं कव्हर घेऊ नका. अपघातात एअरबॅग तिथूनच बाहेर येते. माझं मत विचाराल तर कव्हर नकोच. त्याखाली ओल अडकते, आणि साफ केलेलं मूळ कापड बसायलाही बरं.

छताच्या कापडाला ब्रश लावू नका. ते फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं, भिजलं की सुटून लोंबायला लागतं. तिथे फक्त जेमतेम ओलं फडकं, तेही दाबून. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, वर कपड्यांचा चिमटा लावा म्हणजे तो परत आत जाणार नाही, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि रात्रभर तसाच वाळू द्या. ओला पट्टा आत गेला की तिथेच कुजकट वास धरतो. पट्ट्याला व्हिनेगर, ब्लीच, स्पिरिट काही नको. त्याची ताकद कमी झाली तर तो वेळेला उपयोगी पडणार नाही.

वाळवण्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं. ऊन नसेल तर पोर्चमध्ये गाडी घेऊन दारं उघडी ठेवा आणि टेबलफॅन आत रोखून लावा. आतला दिवा मात्र बंद करा, नाहीतर बॅटरी उतरेल. बाहेरून येताना घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे आतल्या जाळीवरचं पाणी सुकतं आणि एसीचा वास येत नाही. ओली छत्री कधीही सीटवर ठेवायची नाही. त्यासाठी डिकीत एक बादली ठेवा.

बाबा, तुम्ही सीटवर मारायच्या संरक्षक स्प्रेबद्दल विचारलं होतं. वस्तू चांगली आहे. त्याची सुरुवात 1953 साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. एका फ्लोरिनयुक्त रसायनाचे थेंब कुणाच्या तरी कॅनव्हासच्या बुटावर सांडले. ते काही केल्या धुऊन निघेनात, आणि बाकीचा बूट मळला तरी तेवढा भाग स्वच्छ राहिला. पॅटसी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ या तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो धागा धरला आणि 1956 मध्ये स्कॉचगार्ड बाजारात आलं. पुढे त्यातलं पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन निसर्गात आणि माणसाच्या रक्तात साठून राहतं असं आढळलं, तेव्हा 2000 साली कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून मी तुमच्यासाठी फ्लोरिन नसलेलाच स्प्रे शोधणार आहे. तो तेलाला थोडा कमी अडवतो, पण पाण्याला पुरेसा अडवतो. आणि बाबांची छाती मला डागापेक्षा मोठी.

पण आत्ता मारायचा नाही. कापड पूर्ण स्वच्छ आणि आतपर्यंत कोरडं असल्याशिवाय स्प्रे मारला तर मळ आणि ओल त्याच्याखाली राहते. दसऱ्यानंतर चांगलं ऊन पडू लागलं की मारू. दारं उघडी ठेवून, एका जाड थराऐवजी दोन पातळ थर, आणि मग पूर्ण दिवस कुणी बसायचं नाही. नंतर पाण्याचा थेंब सीटवर टाकून बघायचा. मोती होऊन वर राहिला तर काम झालं, पसरून मुरला तर आणखी एक थर. बसून-उठून तो झिजतो, तेव्हा वर्षातून एकदा परत मारावा लागेल. आणि स्प्रे मारला म्हणून सांडलेलं तसंच सोडायचं नाही. डाग पुसायला तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळतो, एवढाच त्याचा उपयोग.

आता गणपतीची चवथ तोंडावर आली. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं सामान आणाल तेव्हा मागच्या सीटवर आणि डिकीत आधी ताडपत्री घाला. केळीचा घड तर अजिबात सीटवर ठेवू नका. त्याचा चीक लागताना पाण्यासारखा दिसतो आणि हवा लागली की तपकिरी होऊन कायमचा बसतो. त्या डागावर माझ्याकडे खरंच उपाय नाही. पुढे बांगडे घरात यायला लागले की माशांची पिशवी डिकीत कडा असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. तरी पाणी सांडलंच तर गार पाणी वापरा, गरम नको. गरम पाण्याने रक्त आणि प्रथिनं धाग्यातच शिजून बसतात. वास राहिला तर व्हिनेगरचं फडकं. माशाचा वास आम्ल लागलं की मरतो, आई, तू लिंबू लावतेस तसाच.

मायक्रोफायबरची फडकी, दोन मऊ ब्रश आणि मास्कचं पाकीट कुरियरने पाठवते आहे. व्हॅक्यूमची चपटी नळी माळ्यावर त्याच्याच खोक्यात असेल. रविवारी फोन करीन, तोवर तो टॉवेल दाबून बघा आणि ओला झाला की कोरडा ते सांगा. ओला असेल तर मेकॅनिकशी मी स्वतः बोलते.

तुमची लेक