बाळ्या, त्या कागदावर सही करू नकोस

राजेंद्रनगर, इंदूर

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू ‘हो, बघू’ म्हणून विषय कापतोस आणि वहिनींकडे फोन देतोस. म्हणून हे सगळं लिहूनच पाठवतोय. लिहिलेलं निदान खिशात तरी राहील.

काम नाही म्हणून कंपनी तुला कमी करतेय, त्यात पहिली गोष्ट राजीनाम्याची. ‘तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड खराब होणार नाही’ असं ऑफिसातले तुला गोडीत सांगताहेत ना? देऊ नकोस. सांवेर रोडच्या कारखान्यांत हे नेहमीचं आहे. काम नाही म्हणून माणूस कमी केला, तर त्याला महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार द्यावा लागतो, वर पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई. तू स्वखुशीने गेलास असा कागद हातात आला की त्यांचे हे पैसे वाचले. रेकॉर्डची काळजी तुझ्यासाठी नाही रे! नम्रपणे म्हण, ‘साहेब, कमी केल्याचं पत्र द्या, मी पोच देतो.’

ग्रॅच्युइटी वेगळी, ती पाच वर्षं झाली की लागू होते. तुझी सात झाली. मूळ पगार बारा हजार धरला तर बाराला पंधराने गुणून सव्वीसने भाग आणि पुन्हा सातने गुण, अठ्ठेचाळीस हजारांच्या वर जातं. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या कागदावर हा आकडा वेगळा दिसला पाहिजे. ‘सगळं धरून एवढे’ असं ऐकून घ्यायचं नाही.

आता ज्या गोष्टीवर तू नाक मुरडलंस ती, नोकरी गेल्यावर ईएसआयकडून, म्हणजे कामगार विम्यातून मिळणाऱ्या बेकारी भत्त्याची. ‘सरकारी खैरात मला नको,’ म्हणालास. खैरात कसली? तुझ्या अठरा हजारांच्या एकूण पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे 135 रुपये ईएसआयचे कटत होते. मालक सव्वातीन टक्के भरत होता. विम्याचा हप्ता भरलास, आता क्लेम टाकायचा, एवढंच. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

या भत्त्याच्या योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 1 जुलै 2018 ला ती प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि मुदतवाढ देत देत चालवली जातेय. म्हणून सध्याची मुदत कुठवर आहे, हे ईएसआयच्या शाखेत पहिल्याच भेटीत विचारायचं. आधी सरासरी मजुरीच्या पाव हिस्सा मिळायचा, तोही नोकरी जाऊन तीन महिने उलटल्यावर. कोरोनाच्या वर्षात, 2020 मध्ये, तो निम्मा केला आणि थांबायची मुदत तीस दिवसांवर आणली. जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे पैसे मिळतात आणि आयुष्यात एकदाच. तुझा हिशोब मी करून ठेवलाय: दोन वर्षांची मजुरी भागिले 730, त्याचं निम्मं. रोजचे 296 च्या आसपास, सगळे मिळून साडेसव्वीस हजारांच्या घरात. घर चालणार नाही त्यात, पण मुलांची फी आणि किराणा तरी उधारीवर जाणार नाही.

अटी तुझ्या बाबतीत अवघड नाहीत. नोकरी जाण्याआधीची निदान दोन वर्षं विम्यात असायला हवीत. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे टप्पे धरतात. लगेच आधीच्या टप्प्यात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीन टप्प्यांपैकी एकात पुन्हा तेवढीच. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, निवृत्ती असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर मिळत नाही. राजीनाम्यावरून मी एवढा का अडून बसलोय, ते यावरूनही समज. वाद घालायला जागाच ठेवायची नाही.

अर्ज ईएसआयच्या पोर्टलवर, आपल्या आयपी नंबरने, म्हणजे विमा नंबरने आत जाऊन. कंपनीची सही मागत बसावं लागत नाही, ही फार मोठी सोय. आधार आणि बँकेचं खातं जोडलेलं हवं. आणि खरी मेख नावात आहे. आपल्या मराठी माणसांचं आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, कंपनीने मधलं नाव गाळलेलं, पासबुकात नुसती आद्याक्षरं. इथे कुणाला मधल्या नावाचं अप्रूप नसतं, भरणारा गाळून मोकळा होतो. गेल्या वर्षी माझ्यासमोर खिडकीतल्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, अक्षरावर पेन्सिल फिरवली आणि म्हणाल्या, ‘भैया, ये तीनों एक ही आदमी हैं क्या?’ तुझं आत्ताच जुळवून घे. पासबुक जुनं असेल तर आयएफएससी कोडही बघ. देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट कॅनरात गेली, जुने कोड चालत नाहीत.

आईच्या औषधांची चिंता आत्ताच करू नकोस. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचाराचा हक्क असतो. म्हणजे नोकरी गेली तरी नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात कार्ड दुसऱ्या दिवसापासून बंद पडत नाही.

पीएफला शक्यतो हात लावू नकोस. पीएफबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुझी सात भरलीत. दुसरीकडे लागलास की तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर दे, वर्षं जोडली जातील. फक्त नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली का ते बघत राहा. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की आपली आपल्यालाही टाकता येते.

आणि कागद जप. तुझे काका आठवतात ना, हुकुमचंद मिलवाले? 1991 च्या डिसेंबरात मिल बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या 224 कोटींचा प्रश्न सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. काकांनी हजेरीचं कार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्या होत्या, आपण हसायचो. तुला बत्तीस वर्षं थांबावं लागणार नाही, पण तुझ्या पगाराच्या चिठ्ठ्या फोनमध्येच आहेत आणि तो फोन मुलगा गेमसाठी घेऊन फिरतो. आधी छापून घे.

रविवारी देवासहून सकाळच्या बसने ये, म्हणजे संध्याकाळी बसून अर्ज भरू. तीस दिवस व्हायचे असतील तर नावं तरी तपासून ठेवू. सोमवारी शाखेत मी येतो तुझ्याबरोबर. आधार, पासबुक, आयपी नंबरची चिठ्ठी आणि मिळालं असेल तर कमी केल्याचं पत्र, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आण. वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझा,
आण्या