परदेशी कोण जातो? ज्याचा मामा तिथे आहे तो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला आणि १०,००० कुशल तरुण-तरुणींना तिकडे पाठवण्याचा संकल्प सोडला. परिचारिकांपासून वीजतंत्रींपर्यंत बरीच कामे त्यात आहेत. या निमित्ताने जे काही बोलले गेले त्यात कौशल्य आणि जर्मन भाषा, एवढेच दोन विषय होते. मी रत्नागिरी जिल्ह्यात आयटीआयमध्ये संधाता, म्हणजे वेल्डर, या व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. हाताखालून गेलेल्या मुलांवरून सांगतो, परदेशी कोण जाणार हे आधी ओळख ठरवते. कौशल्याचा नंबर त्यानंतर.

एकाच तुकडीतली दोन मुले. खेडकडच्या एकाचा मामा कतारमध्ये रास लफानला शटडाऊनच्या कामावर फोरमन. गॅस प्लांट दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात, तेव्हा वेल्डर आणि फिटर एकदम मोठ्या संख्येने लागतात. जागा निघणार हे मामाला जाहिरातीच्या आधीच कळायचे. कोणती कंपनी पगार वेळेवर करते, जेवण कंपनीचे की आपले, ओव्हरटाइम कागदावर असतो की तोंडी, मुंबईत ट्रेड टेस्टला पाइप किती इंची देतात, हे सगळे भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मामाच्या आवाजात मिळाले. मग तो सुट्टी झाल्यावरही वर्कशॉपमध्ये थांबून फक्त सिक्स-जी या अवघड प्रकारचे वेल्डिंग करत बसायचा. यात पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही. आपणच त्याच्याभोवती फिरायचे आणि रूट, म्हणजे सांध्याचा तळाचा पहिला थर, आतून सलग उतरवायचा. पोरगा पास झाला. तिथे उतरला त्या रात्री त्याची झोपायची सोयसुद्धा झालेली होती.

दुसरा चिपळूणच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाडीतला. हात पहिल्यापेक्षा सरस. त्याने मारलेला बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, परीक्षक दोनदा वळून बघायचे. पण वाडीतून परदेशी कुणी गेलेलेच नाही. त्याला भेटला तो एसटी स्टँडजवळ ऑफिस थाटलेला एक एजंट. त्याने लाखाच्या वर पैसे घेतले, पावती दिली नाही आणि व्हिजिट व्हिसावर दुबईला रवाना केले. 'तिकडे गेल्यावर बदलून मिळेल' म्हणाला. मिळाला नाही. पोराने गोदामात खोकी उचलली आणि भावाने तिकिटाचे पैसे पाठवल्यावर तो परत आला. आता लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे आहे.

खरे तर परवानाधारक भरती एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. परवाना खरा की खोटा हे केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येते. पण हे सांगणारे माणूस लागते, आणि ते मामाच्या रूपात काहींनाच मिळते. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) नोंद असते, त्याला आखातात कामाला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स या केंद्राच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. निदान एकदा तरी त्याचे कागद सरकारी माणसाच्या नजरेखालून जातात. आमची ही दोन्ही मुले दहावी पास. त्यांना ती मंजुरी लागतच नाही.

कोकणाला ही रीत जुनी आहे. गिरणीत चिकटायचे तर गाववाला आधी खात्यात हवा, तो जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, कानावर घालणार, आणि पथारी गिरणगावात गावकऱ्यांच्या खोलीत. गोव्याच्या खलाशांचे धोबीतलावला गावागावांचे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडे, होते. बोट मिळेपर्यंत तिथे राहायचे आणि बोटीची बातमीही तिथेच लागायची. कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केपटाउनला पोचले, १९७३ नंतर तेलाचा पैसा आला तसे आखातात गेले. एकाने भाऊ नेला, भावाने मेहुणा नेला. यात गैर काहीच नाही, घामाने जोडलेली माणसे आहेत ती. पण म्हणूनच एखाद्या गावचा मोहल्ला कुवेत-दोह्याला असतो आणि त्याच गावची कुणबीवाडी मुंबईत. ज्याची ओळख जिथे, तो तिथे. मुलींचे तर आणखी अवघड: मामा भाच्याला बोलावतो, भाचीला नाही. केरळच्या परिचारिका एकमेकींना घेऊन गेल्या, तशी वाट आमच्याकडच्या मुलींना अजून कुणी पाडून दिलेली नाही.

केरळी माणसांच्या ओळखी आपल्यापेक्षा कितीतरी दांडग्या. तरीही तिथल्या सरकारने १९७७ मध्येच ओडेपेक ही स्वतःची भरती कंपनी काढली. आपण निदान एवढे तरी करावे. प्रत्येक आयटीआयने परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांची नोंद, त्यांना विचारून, ठेवावी आणि शेवटच्या सहामाहीत त्यांच्याशी मुलांचे व्हिडिओ कॉलवर बोलणे करून द्यावे. खेडचा मामा धनगरवाडीच्या पोरालाही आनंदाने सांगेल, त्याला विचारणारे कुणी हवे. एजंटाची फी आणि परवाना तपासण्याची रीत ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक मराठीत लागली पाहिजे.

जर्मनीच्या योजनेतही नुसती नोंदणी किती झाली ते सांगू नका. कुठल्या तालुक्यातून किती, मुली किती आणि घरातून परदेशी निघालेला पहिलाच माणूस असे किती, हे जाहीर करा. त्यासाठी अर्जात एखादा रकाना वाढवावा लागेल. चिपळूण-खेड भागातल्या माझ्या व्यवसायाच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करून द्यायला मी तयार आहे. कोणत्याही आयटीआयने कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (संधाता), चिपळूण