चार मिनिटं वीस सेकंद

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

हॉलमधला कार्यक्रम कॉलेजच्या नेटवर्कवरून वर्गांत आणि ग्रीन रूममध्ये लाइव्ह दाखवायचा आणि व्हिडिओ नीट पोचत नाही, म्हणून फोनवर तू इतका वैतागला होतास की मी बोललो त्यातलं निम्मं तुझ्या डोक्यावरून गेलं असणार, म्हणून सविस्तर लिहितोय. नेटवर्कचे स्विच (केबली जोडणारे डबे) बदलायचं कोटेशन मागवलं असशील तर आधी ते थांबव. स्विच ठणठणीत आहेत.

"पिंग जातंय, मग व्हिडिओ का जात नाही?" असं तू तीनदा विचारलंस. अरे, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का हे बघणारं छोटं पॅकेट) म्हणजे युनिकास्ट, एकाकडून एकालाच. ते राउटर बिनबोभाट पलीकडे पोचवतो. तू व्हीएलसी या प्लेअरमधून पाठवतोयस ते २३९.१०.१०.१ या गटाच्या पत्त्यावर, म्हणजे मल्टिकास्ट, एकच प्रवाह मागेल त्या सगळ्यांना, आणि त्याचे नियमच निराळे. तेव्हा पिंगचा नाद सोड आणि घड्याळ लाव. चित्र मुळात येतच नाही, की येऊन थांबतं? तुझ्या कॉलेजात दोन्ही प्रकार आहेत.

वर्गांच्या सबनेटमध्ये (राउटरपलीकडच्या वेगळ्या नेटवर्कात) पहिल्यापासून काळा पडदा आहे. तिथे संशय टीटीएलवर, म्हणजे पॅकेट किती राउटरपर्यंत जगेल त्या आकड्यावर. स्टीव्ह डीअरिंगने १९८९ साली आरएफसी १११२ (मल्टिकास्टचा मानक दस्तऐवज) लिहिला, तेव्हाच मल्टिकास्टचा टीटीएल सांगितला नसेल तर १ धरायचा असं ठरलं. राउटर त्यातला एक कमी करतो, उरतं शून्य, आणि पॅकेट तिथेच संपतं. मल्टिकास्टच्या बाबतीत राउटर 'टाकून दिलं' असा आयसीएमपी (चूक कळवणारा) निरोपही धाडत नाही, म्हणून लॉगमध्ये तुला काही सापडलं नाही. हॉलच्या लॅपटॉपवर वायरशार्क (पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून आयपी हेडरमधला टीटीएल बघ. १ दिसला तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये तो १० कर. पण एवढ्याने भागणार नाही. मधल्या लेयर-३ स्विचवर (राउटरचं कामही करणाऱ्या स्विचवर) मल्टिकास्ट राउटिंग चालू करून हॉल आणि वर्ग अशा दोन्ही व्हीलॅनच्या (एकाच स्विचवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कांच्या) इंटरफेसवर पिम, म्हणजे मल्टिकास्टला वाट दाखवणारा प्रोटोकॉल, लावावं लागेल. त्यातला स्पार्स मोड (मागणी असेल तिथेच पाठवणारा) निवडलास तर आरपी, म्हणजे पाठवणारा आणि मागणारा यांच्या भेटीचा ठिकाणा, म्हणून त्याच स्विचचा पत्ता दे, तुमच्याकडे दुसरा राउटर आहेच कुठे!

आता ग्रीन रूम. ती हॉलच्याच व्हीलॅनमध्ये, चित्र छान येतं, आणि चारेक मिनिटांनी गोठतं. तू केबलला दोष दिलास. केबल कधी घड्याळ बघून बिघडते का? हे काम आयजीएमपी स्नूपिंगचं, म्हणजे कुठल्या पोर्टने कुठला मल्टिकास्ट मागितला हे स्विच टिपून ठेवतो त्याचं. पंगतीत वाढपी 'कुणाला हवंय का' विचारत फिरतो आणि जो हो म्हणेल त्याच्याच पानात वाढतो, तसा स्विच फक्त मागणाऱ्या पोर्टलाच व्हिडिओ देतो. बसल्या बसल्या पहिल्यांदा सगळे आपणहून मागतात. पुढे दर १२५ सेकंदांनी विचारणारा, म्हणजे क्वेरियर, नेटवर्कवर असायला हवा. तुमच्याकडे तो नाहीच. कुणी विचारत नाही म्हणून ग्रीन रूमचा टीव्ही उत्तर देत नाही, आणि १२५ची दुप्पट अधिक उत्तराचे १० अशा २६० सेकंदांनी स्विच त्याचं नाव कापतो. स्टॉपवॉच लावून बघ, चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपासच थांबेल. पिम लावलंस की तोच इंटरफेस क्वेरियरचं कामही करतो, म्हणजे हे दुखणं आपोआप जाईल. स्नूपिंग बंद करून टाकायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. ऐकू नकोस. मग व्हिडिओ त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर सांडेल, वायफायवरही. वायफायचा ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट सहसा अगदी मंद दराने पाठवतो, त्यात सगळ्यांचंच इंटरनेट रखडेल.

एवढं वाचून झाल्यावर माझं खरं मत ऐक. बारा वर्ग, प्रत्येकी ५ एमबीपीएस, म्हणजे ६०. तुझी मुख्य लाइन गिगाबिटची, म्हणजे हजारची. एवढ्यासाठी मल्टिकास्टचा घाट कशाला? ओबीएस या प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमधून एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडे पाठव, त्यातून एचएलएस (छोट्या तुकड्यांतला व्हिडिओ) काढ, आणि वर्गात ब्राउझर उघडा. साधं एचटीटीपी आहे, राउटर अडवणार नाही. चित्र पंधरा-वीस सेकंद मागे राहील, पण वर्गातल्यांना स्टेज दिसतंय कुठे? फक्त हॉलला चिकटून असलेल्या खोलीत टाळ्या आधी आणि विनोद नंतर असं होईल, तिथे सरळ एचडीएमआय केबल ओढ. मल्टिकास्टचं सावकाश सुट्टीत कर, पुढेमागे शंभर खोल्या झाल्या तर उपयोगी पडेल.

प्राचार्यांच्या केबिनमधला टीव्ही मोबाइलच्या कास्ट यादीत दिसत नाही, तो प्रश्न वेगळा. ती शोधाशोध एमडीएनएसने (जवळची उपकरणं शोधणाऱ्या मल्टिकास्टने) होते, पत्ता २२४.०.०.२५१. हा पट्टा स्थानिकच ठेवलेला आहे, राउटर तो ओलांडू देत नाही, टीटीएल कितीही वाढव. त्याला अवाही या सॉफ्टवेअरचा रिफ्लेक्टर (एका नेटवर्कातला निरोप दुसऱ्यात पुन्हा पाठवणारा) लागतो, नाहीतर सरांचा मोबाइल आणि टीव्ही एकाच वायफायवर घे.

आणि एनजिनएक्सचा सर्व्हर विंडोजवर ठेवलास तर फायरवॉल तपास. तिथल्या काही तयार नियमांची व्याप्ती 'लोकल सबनेट' एवढीच असते. हॉलमध्ये सगळं चालतं आणि वर्गात कनेक्शनच होत नाही, असं दिसलं तर आधी तिथे जा. बुधवारपर्यंत एका वर्गात चालवून बघ आणि रात्री नऊनंतर फोन कर. वायरशार्कची फाइल मात्र आधी पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद