चार पेट्या, दोन सपाट, दोन कुशीवर: सांगली–पुणे पार्सलबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
पार्सल व ग्राहक तक्रार विभाग

विषय: सांगलीहून पुण्याला पाठवलेल्या चार लाकडी पेट्यांपैकी दोन पेट्यांचे नुकसान, पोचवण्यातील उशीर आणि "पॅकिंग नीट नव्हते" या आपल्या उत्तरावर आक्षेप.

महोदय,

आपल्या सांगली कार्यालयातून गुरुवारच्या रात्रीच्या बसने आम्ही पुण्यातील मॉडेल रेल्वे प्रदर्शनासाठी चार पेट्या पाठवल्या. बिल्टीची प्रत, 22 फोटो आणि खर्चाच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. तक्रारीवर आपल्याकडून एका वाक्याचे उत्तर आले: पॅकिंग योग्य नसल्याने कंपनी जबाबदार नाही. हे वाक्य चुकीचे आहे आणि ते का चुकीचे, हे पेट्या उघडल्या की दिसते. म्हणून पत्र जरा लांबले आहे.

आधी मालाबद्दल. बिल्टीवर आपल्या कारकुनाने "खेळणी, 4 नग" असे लिहिले आहे. वस्तूंचे वर्णन, मोजमाप, वजन आणि 90,000 रुपये किंमत लिहिलेला छापील कागद आम्ही बुकिंगच्या वेळीच दिला होता. त्यावर आपला शिक्का आहे आणि "नाजूक माल" म्हणून 1,000 रुपये जादा घेतल्याची नोंद त्याच बिल्टीवर आहे. खेळणी असतील तर जादा आकार कशाचा, आणि जादा आकार घेतला असेल तर माल नेहमीच्या मालाप्रमाणे भरून कसे चालेल?

पेट्यांमध्ये 1:87 प्रमाणातले जुने मिरज जंक्शन होते, ब्रॉड, मीटर आणि नॅरो गेज (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) तिन्ही एकत्र असतानाचे. ब्रॉड गेजसाठी 16.5 मिमी, मीटर गेजसाठी 12 मिमी आणि बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरो गेजसाठी 9 मिमीचे रूळ. (काटेकोर हिशेब केला तर 1676 मिमीचे ब्रॉड गेज 1:87 मध्ये 19.26 मिमी होते, पण तयार रूळ आणि चाके 16.5चीच मिळतात, म्हणून हौशी मंडळी ती तडजोड करतात.) 1200 × 450 मिमीची आठ मॉड्यूल (मॉडेलचे सुटे भाग) ओळीने जोडली की 9.6 मीटर लांबी होते. कोथरूडला 1998 पासून लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, पण तिथली मांडणी एका जागी पक्की आहे. प्रदर्शनाला न्यायचे मॉडेल पहिल्या स्क्रूपासून प्रवासाचा विचार करूनच बांधावे लागते, आणि हे तसेच बांधले आहे.

आता पॅकिंग. दोन मॉड्यूल तोंडाला तोंड करून ठेवतात, वरचे उलटे टांगलेले. दोन्ही टोकांना 12 मिमी प्लायची एकेक उभी फळी, प्रत्येक फळीला एम-8 चे चार बोल्ट: दोन वरच्या मॉड्यूलला, दोन खालच्या. दोन पृष्ठभागांमध्ये 300 मिमी अंतर. मॉडेलमधली सर्वांत उंच वस्तू म्हणजे 130 मिमीची पाण्याची टाकी, त्यामुळे समोरासमोर दोन टाक्या आल्या तरी एकमेकींना लागत नाहीत. लांब बाजूंना पन्हळी प्लास्टिकची 3 मिमी शीट असते ती फक्त धुळीसाठी, भार घेण्यासाठी नाही. पेटीचे वजन 26 किलो, दोन माणसांनी उचलायची. सपाट ठेवली की वरचा भार टोकांच्या फळ्यांमधून सरळ खाली उतरतो. आम्ही स्वतः अशा तीन पेट्या एकावर एक ठेवतो. चारही बाजूंना बाण आणि "ही बाजू वर" असे मराठीत व हिंदीत लिहिलेले आहे, फोटो 1 ते 4 पाहावेत.

पेटी क्र. 1 आणि 2 डिकीत खाली, सपाट होत्या. त्यांच्यातले एक झाडसुद्धा हलले नाही. पेटी क्र. 3 आणि 4 कुशीवर उभ्या केल्या होत्या. क्र. 4 वर काही ठेवलेले नव्हते, तिच्यात रुळांखालची थोडी खडी सुटली एवढेच. क्र. 3 वर पोती होती आणि ती मोडली. चारही पेट्यांचे प्लाय, बोल्ट, मापे आणि बांधणी एकच आहे. पॅकिंग वाईट असते तर चारही पेट्या सारख्याच वाईट निघायला हव्या होत्या.

पेटी कुशीवर केली की दोन मॉड्यूलमधली 300 मिमीची फट वर येते, तिच्यावर फक्त 3 मिमीची शीट. पोते त्या फटीत खचते आणि पाचरीसारखे दोन्ही मॉड्यूलना बाहेर रेटते. गाडीच्या प्रत्येक हादऱ्याला थोडे आणखी. पेठ नाक्यापासून पुढे महामार्गाच्या कामामुळे किती वळवलेले रस्ते आहेत हे आपल्या चालकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेवटी वरच्या कडेचे दोन बोल्ट मॉड्यूलच्या 9 मिमी प्लायमधून वॉशरसकट उपटून आले, टोकाची फळी सरकली आणि रुळांच्या टोकांवरून घासत गेली.

पेटी क्र. 3 मधल्या मॉड्यूल 5 आणि 6 यांच्या जोडावर सहा लाइन म्हणजे रुळांची 12 टोके आहेत. प्रत्येक टोक पितळी स्क्रूच्या डोक्यावर सोल्डर केलेले असते, म्हणजे जोडताना ते हलत नाही. मॉड्यूल 5 ची वरच्या कडेची पाच टोके, नॅरो गेजची दोन्ही आणि मीटर गेजची तीन, 2 ते 3 मिमी वर उचलली गेली. नॅरो गेजच्या बाहेरच्या रुळाने स्क्रूच लाकडातून उपसून आणला, सोल्डरचा गोळा अजून त्याला चिकटलेला आहे (फोटो 11). चाकाची आतली कड फक्त 0.64 मिमी खोल असते. जोडावर अर्ध्या मिमीची पायरी पडली तरी गाडी घसरते, इथे पायरी त्याच्या चौपट ते सहापट आहे. असे टोक पक्कडीने दाबून सरळ होत नाही. रूळ मागे कापून नवा तुकडा घालावा लागतो.

पोती हळदीची होती, हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. फाटलेल्या शीटमधून पिवळी पूड आत गेली आणि पॉइंटच्या (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणाऱ्या सांध्याच्या) जिभांमध्ये बसली. रूळ पुसायला आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. एका पॉइंटवर कापूस फिरवला तर काळा होण्याऐवजी गर्द पिवळा झाला. बाजूची खडी साबणाच्या पाण्याने टिपली तर डाग लाल झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे सांगलीत कुणाला समजावून सांगायला नको. पूड विजेला अडवते: जीभ रुळाला टेकलेली दिसते, पण प्रवाह जात नाही आणि इंजिन पॉइंटवर मरते. शिवाय ती ओलावा धरते, त्यामुळे खालच्या मोटरच्या स्विचपर्यंत साफ करावे लागते.

सुटलेल्या खडीवरूनही पेट्या कशा ठेवल्या होत्या ते कळते. खडी एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब अशा मिश्रणाने चिकटवलेली असते. लांबच्या प्रवासात थोडी सुटतेच. पेटी सपाट असती तर ती खालच्या मॉड्यूलवर सगळीकडे सांडली असती. क्र. 3 आणि 4 मध्ये ती एकाच लांब कडेला, मूठभर, सरळ रेषेत साचलेली मिळाली. (फोटो 14 आणि 15. फोटो पेटी न हलवता, आपल्या गोदामातच काढले आहेत आणि मागे आपला फलक दिसतो.)

इंजिन आणि डब्यांची पेटी आम्ही कधीच पार्सलमध्ये देत नाही, ती हातात असते. 45 × 30 × 20 सेंमी, आत फोममध्ये कापलेले खण, प्रत्येक वाहन आडवे. आपल्या गाडीतील सहायकाने ती "मोठी आहे" म्हणून मागच्या डिकीत, बसच्या इंजिनाच्या बाजूला ठेवायला लावली. आमची इंजिने वाचली. त्याच पेटीत 3डी प्रिंट केलेली सिग्नल केबिन होती, तिचे छप्पर मधोमध खाली बसले. असे प्रिंट पीएलए प्लास्टिकचे असते आणि ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. बुकिंगच्या वेळी सांगितले असते तर केबिन तरी वेगळी काढली असती.

आता उशिराबद्दल. माल शुक्रवारी सकाळी 6 ला स्वारगेटला मिळेल असे बिल्टीवर आहे. पेट्या तिथे उतरवल्याच नाहीत. त्या पिंपरीच्या गोदामात गेल्या आणि दुपारी 2 ला मिळाल्या. आठ तास म्हणजे काय, ते पार्सलवाल्याला सहज कळणार नाही, म्हणून सांगतो. पाय लावून पातळी जुळवायची, तीही मधल्या मॉड्यूलपासून दोन्ही टोकांकडे, कारण एका टोकापासून सुरुवात केली की जमिनीचा चढउतार सगळा शेवटच्या जोडावर जमतो. मग पितळी डॉवेल (जोड नेमका बसवणाऱ्या खुंट्या), बोल्ट, खालच्या वायरींचे कनेक्टर. मग बूस्टर (रुळांना वीज देणारे यंत्र) चालू करून प्रत्येक मॉड्यूलवर दोन रुळांवर नाणे आडवे ठेवायचे: लगेच ट्रिप झाला तर वायरिंग ठीक, नाही झाला तर शॉर्टमध्ये वायर तापणार. त्यानंतर प्रत्येक जोडावरून एक वाघिण (मालडबा) हाताने ढकलायची आणि मगच इंजिन. चार माणसांना यासाठी पाच-सहा तास लागतात. सभागृह रात्री 8 ला बंद होत होते आणि हातात मोडलेली पेटी होती.

मॉड्यूल 5 आणि 6 वगळून 4 ला 7 जोडून टाकायचे होते, असेही आपल्या कार्यालयातून फोनवर सुचवले गेले. ते होत नाही. 4 च्या स्टेशनकडच्या टोकाला चार लाइन आहेत, 7 च्या टोकाला दोन, आणि दोन्हींच्या जागाही वेगळ्या. त्यामुळे दोन्ही दिवस दोन सुटे तुकडे मांडले गेले आणि गाड्या तीन-साडेतीन मीटरमध्ये पुढे-मागे होत राहिल्या.

(रेल्वेचे मॉडेल रेल्वेनेच का नेत नाही, असेही विचारले गेले. सांगलीला गाडी थोडीच मिनिटे थांबते. तेवढ्यात 26 किलोच्या चार पेट्या गार्डच्या डब्यात सपाट चढवून घेणे जमत नाही. जमले असते तर आपल्याकडे आलो नसतो.)

नुकसानभरपाई अशी: दोन पॉइंट 5,600, एक पॉइंट मोटर 2,400, ब्रॉड गेजच्या रुळाच्या दोन लांबी 1,800, मीटर गेजची एक 1,400, प्लाय व कटिंग 1,850, सिग्नल केबिन 1,200. एकूण 14,250 रुपये. त्यात भाडे 2,600 आणि "नाजूक" आकार 1,000 मिळवून 17,850 रुपये. नॅरो गेजचे रूळ आमच्याकडे शिल्लक होते, ते धरलेले नाहीत. आमच्या मजुरीचा एक पैसाही लावलेला नाही.

पैशांशिवाय दोन गोष्टी हव्यात. बिल्टीवर "खेळणी" खोडून ग्राहकाने दिलेले वर्णन लिहावे. आणि नाजूक आकार घेतलेल्या नगाची दिशा लोडिंगच्या कागदावर लिहून हमालांना दाखवावी. चढवणाऱ्या माणसांना आम्ही दोष देत नाही, रात्री 10 ला अंधाऱ्या डिकीत त्यांना कुणी काही सांगितलेलेच नव्हते.

कॅरेज बाय रोड कायदा, 2007 नुसार बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत द्यायची लेखी नोटीस म्हणून हेच पत्र धरावे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

पेटी क्र. 3 ची मॉड्यूल 5 ची बाजू अजून दुरुस्त केलेली नाही आणि पुसलेलीही नाही. आपला माणूस सांगलीत येऊन पाहू शकतो. येताना पांढरा रुमाल आणावा, शंका असेल तर पॉइंटवर फिरवून पाहता येईल.

आपले,
मॉडेल रेल्वेचे चार हौशी, सांगली–मिरज

सोबत: बिल्टीची प्रत, शिक्का असलेला वर्णनाचा कागद, 22 फोटो, खरेदीच्या पावत्या