दुचाकीच्या विम्यात कोण आहे आणि कोण नाही, हे पैसे भरण्याआधी मराठीत सांगा : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : दुचाकीच्या सक्तीच्या विम्याचे संरक्षण, किंमत आणि त्याची मराठीतील माहिती.

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, धोपावे-दाभोळ फेरीबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे एक लहान ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, वीजबिल, शाळेचे दाखले अशी कामे घेऊन माणसे येतात आणि त्याबरोबरच जुनी पॉलिसी पुढे करून "हिचा इन्शुरन्स संपलाय, जरा काढून द्या" असे सांगतात. मी विमा एजंट नाही. मी त्यांच्या वतीने अर्ज भरते, त्यांच्याच मोबाइलवर आलेला ओटीपी विचारते आणि कागद छापून देते. गेल्या नऊ वर्षांत असे शेकडो कागद माझ्या प्रिंटरमधून बाहेर पडले. ते सगळे इंग्रजीत होते, आणि ते हातात घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यात काय लिहिले आहे हे माहीत होते. सुरुवातीची काही वर्षे मलाही ते माहीत नव्हते, आणि त्याची खंत आजही मनातून जात नाही.

हे पत्र विमा कंपन्यांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण साधे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, नसलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. थर्ड पार्टीचे दरही आपलेच मंत्रालय अधिसूचित करते. जी वस्तू घेण्याची सक्ती सरकार करते आणि जिची किंमत सरकार ठरवते, ती वस्तू नेमकी काय आहे हे विकत घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे, असे मी मानते.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीतील एक तरुण रात्री घरी येताना ओल्या उतारावर घसरून पडला आणि दगावला. गाडी त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर होती. भाऊ मुंबईला नोकरीला, गाडी गावी, आणि चालवणारा धाकटा, ही व्यवस्था कोकणात घरोघरी आहे, कारण हप्ता चाकरमान्याच्या पगारातून जातो आणि गाडीची गरज गावी असते. पॉलिसीत १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण होते आणि त्याचा प्रीमियमही भरलेला होता. तरीही त्याच्या आईला एक रुपयाही मिळाला नाही, कारण ते संरक्षण 'मालक-चालका'चे आहे. ज्याच्या नावावर गाडी, ज्याच्या नावावर पॉलिसी आणि ज्याच्याकडे वैध परवाना, अशा एकाच व्यक्तीला ते लागू होते. धाकट्याकडे परवाना होता, पण आरसी बुकावर नाव भावाचे होते. कंपनीने नियमाप्रमाणेच उत्तर दिले, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. मला बोलायचे आहे ते त्या नियमाविषयी आणि तो आधी कोणीच सांगितला नाही याविषयी. तो कागद मीच छापून दिला होता.

मागे बसणाऱ्या माणसाचा प्रश्न याहून मोठा आहे. आमच्याकडे एसटी दिवसातून दोन-तीनदा येते, आणि दवाखाना, बाजार, बँक, लग्नकार्य हे सगळे डबलसीटवरच चालते. आई मागे बसते, बायको बसते, शाळेतून येणारी मुलगी बसते. थर्ड पार्टी म्हणजे 'दुसऱ्या कोणाचेही नुकसान झाले तर' एवढाच अर्थ लोक धरतात, आणि मागे बसलेली व्यक्ती त्यात येतेच असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्कूटरवर मागे बसलेल्या व्यक्तीच्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या पॉलिसीत, भाडे न देता मागे बसलेल्या व्यक्तीची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. सर्वसमावेशक, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही धरणाऱ्या पॅकेज पॉलिसीत मात्र ती येते, असे विमा नियामक प्राधिकरणाने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कंपन्यांना कळवले. याचा अर्थ असा होतो की रस्त्याने चालणाऱ्या अनोळखी माणसाला माझ्या गाडीचा धक्का लागला तर त्याच्या इजेची किंवा मृत्यूची भरपाई कंपनी देते, आणि त्या भरपाईला वरची मर्यादा नसते. पण खड्ड्यात गाडी आपटून मागे बसलेली माझी आई पडली, तर त्या स्वस्त पॉलिसीत तिच्यासाठी काहीच नसते. अनोळखी माणसाला संरक्षण मिळते ते योग्यच आहे. परंतु हा भेद मी केंद्रात आलेल्या माणसाला समजावून सांगते, तेव्हा प्रत्येक वेळी समोरचा माणूस आधी अविश्वासाने पाहतो आणि मग गप्प होतो.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. तो निर्णय चांगला होता. मात्र शोरूममधून गाडी बाहेर काढताना 'पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, काळजी नको' एवढेच कानावर पडते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि मालक-चालकाचे अपघात संरक्षणही अनेकदा तेवढेच असते. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला जाते किंवा अंगणातले झाड तिच्यावर पडते, तेव्हा कागदावरच्या दोन वेगवेगळ्या तारखा पहिल्यांदा कोणाच्या तरी नजरेस येतात.

खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराची मर्यादाही असते. भाड्याने देण्यासाठी आणि मालवाहतुकीसाठी तिचा वापर धरलेला नसतो. पहाटे हर्णै बंदरावर मासळी घेऊन मागे क्रेट बांधून गावोगाव फिरणारे विक्रेते, हंगामात आंब्याच्या पेट्या पोचवणारी मुले, मालवण-तारकर्लीला पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने गाडी देणारी घरे या वाक्याच्या कोणत्या बाजूला पडतात, हे त्यांना पॉलिसी घेताना कोणीही विचारत नाही. तो प्रश्न क्लेमच्या वेळी विचारला जातो.

आता किमतीविषयी. १ जून २०२२ पासून लागू असलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ७१४ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे ८४३ रुपये होतात, आणि कोणत्याही कंपनीकडे गेले तरी हा आकडा बदलत नाही. गावातील बहुतेक गाड्या याच गटातील असूनही तेवढ्याच जुन्या गाडीला एकाने ८४३ भरलेले असतात आणि दुसऱ्याने १,९०० भरलेले असतात, आणि जास्त भरणाऱ्याला जास्त काय मिळाले हे सांगता येत नाही. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर २००७ पासून खुले आहेत. त्यात कंपन्यांची स्पर्धा आहे, आणि तुलना केली तर खरोखर पैसे वाचतात. पण मोबाइलच्या पडद्यावर रस्त्यातील मदत, उपभोग्य वस्तू (ऑइल, नट-बोल्ट वगैरे), शून्य घसारा (दुरुस्तीत जुन्या भागांचे पैसे न कापणे) अशा चौकटी आधीच खूण करून ठेवलेल्या असतात, आणि ती खूण काढता येते हे ठाऊक नसलेला माणूस सगळ्याचे पैसे भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा जीएसटीमुक्त झाले. जो विमा न घेतल्यास दंड होतो, त्यावर मात्र १८ टक्के कर कायम आहे. किमान १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीच्या थर्ड पार्टी प्रीमियमवरील हा कर काढण्याची मागणी आपण जीएसटी परिषदेपुढे ठेवावी.

स्वस्त म्हणजे फक्त थर्ड पार्टी, असा सल्ला मी स्वतः कोणाला सरसकट देत नाही, कारण आमचा किनारा वादळांचा आणि पुरांचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात किती गाड्या झाडांखाली आणि पत्र्यांखाली चिरडल्या, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळुणात किती गाड्या बुडवल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पॅकेज पॉलिसीत पूर, वादळ, दरड, आग आणि चोरी येतात. ज्यांच्याकडे केवळ थर्ड पार्टी होती, त्यांना यातले काहीच मिळाले नाही. ज्यांच्याकडे पॅकेज होती, त्यांच्यापैकीही काहींनी पाणी ओसरताच किक मारून गाडी चालू करून पाहिली आणि इंजिन गमावले. पाणी शिरलेले इंजिन चालू केल्याने होणारे नुकसान साध्या पॅकेजमध्ये धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. 'पाण्यात गेलेली गाडी चालू करू नका, आहे तशी ठेवून कंपनीला कळवा' हे एक वाक्य त्या आठवड्यात चिपळूणच्या चौकाचौकांत मराठीत लावलेले असते, तर कितीतरी लोकांचे पैसे वाचले असते. खाऱ्या हवेने चढणारा गंज तर कोणत्याच पॉलिसीत येत नाही, आणि साध्या पॅकेजमध्ये दुरुस्तीच्या वेळी प्लास्टिक व रबराच्या भागांचे निम्मेच पैसे धरले जातात, हेही किनाऱ्यावरच्या माणसाला आधी कळायला हवे.

माझ्या मागण्यांपैकी पहिली पैशांची नाही. आरोग्य विम्यात १ जानेवारी २०२४ पासून सोप्या शब्दांतील ग्राहक माहिती पत्रक देणे बंधनकारक आहे, आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळते. दुचाकीसाठी असे अर्ध्या पानाचे पत्रक, ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता, महाराष्ट्रात मराठीतून आणि पैसे भरण्याच्या आधी दाखवले जावे, यासाठी आपण अर्थ मंत्रालय आणि विमा नियामकाशी बोलावे. मागे बसणारी व्यक्ती यात आहे की नाही, मालकाऐवजी दुसऱ्याने गाडी चालवली तर त्याला काय मिळेल, कोणता भाग कोणत्या तारखेला संपतो, पूर आणि चोरी धरली आहे का, व्यवसायासाठी वापर चालतो का, आणि एकूण रकमेत सक्तीचे किती व ऐच्छिक किती, एवढेच त्यात असावे. दुसरी मागणी नियमाची आहे. दुचाकीचे अपघात संरक्षण नावाला न चिकटवता, मालकाच्या संमतीने गाडी चालवणाऱ्या कोणत्याही परवानाधारकाला लागू करावे, आणि मागे बसणाऱ्या एका व्यक्तीला सक्तीच्या पॉलिसीतच सामावून घ्यावे. त्यासाठी प्रीमियम थोडा वाढला तरी लोक भरतील. हे मी अंदाजाने लिहीत नाही. आई पॉलिसीत नाही असे कळल्यावर माझ्यासमोर बसलेल्या माणसाने विचारलेला पहिला प्रश्न "मग तिच्यासाठी किती भरायचे?" हाच असतो.

मराठी पत्रकाचा नमुना आपल्या मंत्रालयाने तयार केल्यास त्याच्या प्रती मी स्वखर्चाने छापून केंद्रात ठेवीन, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ओटीपी विचारण्याआधी वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक सेवा केंद्र चालक,
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी